वहीतली नोंद

सांगलीतल्या त्या जुन्या घराचे परस फार मोठे नाही. मागच्या दारापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत जेमतेम पंचवीस पावले. त्यातच एक लिंबू, एक कढीपत्ता, तगर, जास्वंद, दोन मोगरे आणि भिंतीकडेला चाळीसेक कुंड्या. हे सारे आण्णांनी लावलेले. आण्णा हायस्कुलात चित्रकला शिकवीत. १९९४ च्या पावसाळ्यापासून त्यांनी कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही ठेवली होती. कोणते रोप कोणाकडून आणले, कोणत्या दिवशी पहिली कळी धरली, कोणत्या कुंडीला किती तांबे पाणी, असे सारे तीत बारीक अक्षरात लिहिलेले असे आणि समासात पेन्सिलीने त्या त्या फुलाचे चित्र काढलेले असे.

आण्णा गेले त्याला तीन वर्षे झाली. वही कपाटात गेली आणि पाण्याचा तांब्या आक्कांच्या हाती आला.

आक्कांनी बाग राखली ती व्रत राखावे तशी. लिंबावर हिरव्या अळ्या आल्या की त्या पानासकट उचलून कढीपत्त्यावर नेऊन ठेवायच्या. अळ्यांना दोन्ही झाडांची पाने चालतात, हे आण्णांनीच पूर्वी हेरून ठेवलेले. औषध फवारण्याचा प्रश्नच त्या घरात उद्भवत नव्हता. परिणाम एवढाच, की दारात कढीपत्त्याचे झाड असून आमटीच्या फोडणीला पाने बाजारातून येत. सूनबाईंनी याबद्दल कधी तक्रार केली नाही.

तक्रार होती ती दुसरीच. या तीन वर्षांत आक्का एक रात्रही घराबाहेर राहिल्या नव्हत्या. कोणी बोलावले की उत्तर ठरलेले, “झाडांना पाणी कोण घालणार?” साताऱ्याला धाकट्या लेकीने घर बांधले. गृहप्रवेशाला सगळे गेले, आक्का गेल्या नाहीत. लेक फोनवर काही बोलली नाही, पण त्यानंतर तिचे फोन आखूड होत गेले. आधी दिवसाआड येत, मग आठवड्याला, मग सणावारी. आक्कांना ते कळत नव्हते असे नाही. कळूनही माणसाचा पाय निघत नाही, असे होते खरे. ज्या परसात आण्णांचा हात अजून जागोजाग दिसत होता, तिथून निघायचे म्हणजे त्यांना एकटे टाकून निघायचे, असे काहीसे त्यांच्या मनात असावे. तसे त्या कधी बोलल्या नाहीत.

यंदा पर्युषण पर्व झाले, क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी साताऱ्याला फोन आक्कांनी स्वतः लावला. दोघींचे काय बोलणे झाले ते कोणी ऐकले नाही; पण संध्याकाळी जेवताना आक्का म्हणाल्या, “शनिवारी जाऊ या म्हणते.” घरात आनंद झाला. सूनबाईंनी तेवढ्यावर न थांबता रविवारसाठी कास पठाराची आगाऊ नोंदणीही करून टाकली. फुलांच्या हंगामात तिथे तशी नोंदणी करून जावे लागते, आणि एकदा तारीख ठरली की माणूस मागे हटत नाही, हा त्यांचा हिशेब.

शनिवारी सकाळी आक्का परसात गेल्या आणि ब्रह्मकमळाच्या कुंडीपाशी उभ्या राहिल्या. हे ब्रह्मकमळ म्हणजे हिमालयातले नव्हे. आपल्याकडे घरोघरी असते ते, मूळचे अमेरिकेकडचे, निवडुंगाच्या कुळातले. त्याची पाने म्हणतात ती खरे तर चपटी खोडेच, आणि कळ्याही त्यांच्याच कडांना फुटतात. आण्णांचे हे सर्वांत लाडके झाड. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर परसात शिरला तेव्हा पपई गेली, शेवगा गेला. ही एक कुंडी त्यांनी स्वतः उचलून माडीवर नेली होती. त्याची कळी काही दिवस मान खाली घालून लोंबते आणि उमलायच्या सुमारास मान वर उचलते. त्या सकाळी पाच कळ्यांनी माना उचललेल्या होत्या. म्हणजे फुलणार ती आज रात्री, आणि पहाटेपर्यंत सारे आटोपणार.

आक्का आत येऊन म्हणाल्या, “मी येत नाही. तुम्ही जाऊन या.”

सूनबाई दशम्या गुंडाळत होत्या. त्यांनी वाद घातला नाही. “बरं,” त्या म्हणाल्या, “पण वन्संना तसं मी कळवणार नाही, आक्का. तुम्हीच कळवा.”

एवढ्यात शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा पाण्याच्या सूचना विचारायला आला. दोन दिवस तोच कुंड्या बघणार होता. भाद्रपदातले ऊन, पावसाची उघडीप. पडवीतल्या कुंड्यांना रोज पाणी हवेच. मुलगा दारात उभा, आणि नाही म्हणणे आक्कांच्या जिवावर आले. कोणत्या कुंडीला किती, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते, तोंडाला नव्हे. म्हणून त्यांनी कपाट उघडले आणि तीन वर्षांनी वही बाहेर काढली.

पाने उलटता उलटता त्या एका नोंदीशी थांबल्या. साल १९९८, महिना जुलै. समासात ब्रह्मकमळाचे चित्र आणि शेजारी लिहिलेले: ‘रात्री ११ ला पूर्ण उमलली. सहा फुले. सौ. निपाणीस माहेरी. मुले झोपलेली. एकट्यानेच पाहिली. तिला सांगणार नाही, हळहळेल.’

निपाणीचे ते जाणे आक्कांना आठवत होते. भावाच्या घरी पाचसहा दिवस त्या आनंदात राहिल्या होत्या. परत आल्यावर आण्णांनी झाडांविषयी अवाक्षर काढले नव्हते.

त्यांनी मुलाला पाण्याचे तांबे वहीतून वाचून दाखवले. मग वही त्याच्याच हातात दिली. म्हणाल्या, “रात्री जागशील? किती वाजता उमलली, तेवढं यात लिहून ठेव.” आणि त्या लुगडे बदलायला आत गेल्या.

साताऱ्याचा प्रवास सांगण्यासारखा नाही. लेकीच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणे उरकली. रात्री मायलेकी गच्चीवर बसल्या होत्या, बराच वेळ. साडेदहाच्या सुमारास आक्कांनी एकदा घड्याळाकडे पाहिले आणि मग पुन्हा पाहिले नाही.

सकाळी कास. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर या पठाराचा जागतिक वारशात समावेश झाला, हे नातीने गाडीतच पाठ म्हणून दाखवले. वर पोहोचल्यावर मात्र तीही गप्प झाली. जांभ्याच्या कातळावर वीतभरही माती नाही आणि नजर जाईल तिथवर तेरड्याचा जांभळा-गुलाबी रंग, मध्येच सोनकीचे पिवळे पट्टे, पांढऱ्या गेंदांची टिकल्यांसारखी पखरण. फुले तोडायला बंदी, म्हणून नात वही उघडून चित्र काढत बसली. वाटाड्याने ओलसर जागी निळीजांभळी इवली फुले दाखवली, सीतेची आसवे. हे झाड बारीक जीव पकडून खाते, हेही त्याने सांगितले. आक्का जरा मागे सरल्या. “नाव एवढं गरीब, आणि आहार हा!” असे म्हणून लेकीकडे पाहत हसल्या. तीन वर्षांत असे हसणे घराने ऐकले नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी सवयीने खाली वाकून मातीला बोट लावले, ओल आहे का ते पाहायला.

रविवारी घरी पोहोचायला रात्र झाली. पडवीत पाच फुले पिळलेल्या रुमालासारखी लोंबत होती. वही खिडकीत ठेवलेली होती. मुलाने लिहिले होते: ‘शनिवार. रात्री ८ ला पाकळ्या सुटू लागल्या. १०.४० ला पूर्ण उमलल्या. पाच फुले. वास फाटकापर्यंत. आईलाही उठवून आणले.’ समासात त्याने चित्रही काढायचा प्रयत्न केला होता. ते बरेचसे कोबीसारखे दिसत होते.

आक्कांनी चष्मा लावून नोंद दोनदा वाचली. नातीकडून पेन्सिल मागून घेतली आणि मुलाच्या अक्षराखाली लिहिले, ‘मी साताऱ्यास होते.’