सांध्यातली दुसरी रेघ

मल्लेश्वरमच्या आमच्या घरी एका मध्यरात्री बाबांच्या पायाचा अंगठा सुजला. पांघरुणाचा स्पर्शही त्यांना सोसवेना. सकाळी रक्त तपासले. युरिक अ‍ॅसिड डेसिलिटरला 5.8 मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या आत. ‘गाऊट नाही, मुरगळला असेल,’ असे एका डॉक्टरांनी सांगितले आणि मीही ते मान्य केले. बाबा गप्प झाले. आपण दुखणे वाढवून सांगतो, असे घरच्यांना वाटते, हे त्यांनी ओळखले होते.

महिन्याभराने पुन्हा तेच झाले. या वेळी संधिवाततज्ज्ञ बाईंनी अंगठ्यावर जेल लावून सोनोग्राफीचा लहानसा प्रोब हलकेच टेकवला. ‘नोवु इदेया?’ दुखते का, असे त्यांनी आधी विचारले आणि मग पडदा आमच्याकडे वळवला. हाडाचा पृष्ठभाग म्हणजे एक शुभ्र रेघ. तिच्यावरची काळी पट्टी म्हणजे कूर्चा. निरोगी सांध्यात चित्र साधारण इथेच संपते. बाबांच्या कूर्चेवर मात्र पहिलीला समांतर अशी दुसरी शुभ्र रेघ होती. ते युरेटचे स्फटिक होते, पावसाळी पहाटे फांदीवर धुके साचावे तसे कूर्चेवर साचलेले.

मग रक्ताचा अहवाल खोटा होता का? नव्हता. दाह भडकलेला असताना मूत्रपिंडे युरिक अ‍ॅसिड अधिक प्रमाणात बाहेर टाकतात, त्यामुळे ऐन झटक्यात आकडा उतरू शकतो. रक्त त्या दिवसापुरते बोलते. सांधा वर्षानुवर्षांचा हिशेब जपून ठेवतो. म्हणूनच 2015 साली अमेरिकी आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी गाऊटच्या निकषांत या दुहेरी रेघेला स्थान दिले. आजार नवा असताना ती दिसेलच असे नाही. सांध्यातले पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहणे, हाच अजूनही सर्वांत भक्कम पुरावा. पण सुजलेल्या अंगठ्यात सुई न खुपसता इतके कळणे, हेही थोडके नव्हे.

बाबा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे मी सोंग करत नव्हतो तर.’

औषधे सुरू आहेत. युरिक अ‍ॅसिड सहाच्या खाली टिकले, तर स्फटिक हळूहळू विरघळतात आणि ती रेघही पुसट होत जाते. ती पुसली जाईल. त्या महिन्याभरात मी बाबांवर जो अविश्वास दाखवला, त्याची रेघ माझ्या मनावर आहे. ती राहिलेलीच बरी.