नीरेच्या गाळातून

निरवांगी, ता. इंदापूर
शुक्रवार सकाळ

ती. आप्पांस,

नीरेचं पाणी ओसरलंय. पलीकडचा काठ माळशिरस तालुक्याचा, म्हणजे जिल्हाच बदलतो. गाळ मात्र दोन्हीकडे तोच, काळाभोर. ओंजळभर गाळ चाळणीत धुतला की केसाएवढे लाल धागे उरतात. त्यातले काही न चावणाऱ्या डासांच्या अळ्या निघतात. त्यांना ठळक डोकं असतं. ज्यांना डोकं वेगळं दाखवता येत नाही, ती पाण्यातली गांडुळं. भिंगाखाली कड्याकड्यावर राठ केस दिसतात आणि पारदर्शक पाठीतून रक्त शेपटीकडून तोंडाकडे सरकताना दिसतं.

यांतल्या ट्युबिफेक्सचं तोंड गाळात, शेपूट वर पाण्यात डोलती. श्वास कातडीनं. हिमोग्लोबिन रक्तरसातच विरघळलेलं, त्यामुळे प्राणवायू कमी पडला तरी तग धरतात. सांडपाण्यानं मासे मरतात तिथेही हे लाल पुंजके वाढत राहतात. नदीची तब्येत पाहणाऱ्यानं आधी गाळ पाहावा तो यासाठीच.

आशियातल्या ब्रँकियुरा सोवर्बी या जातीच्या शेपटीला तर कल्ल्यांची झालर असते. पण तिचं बारसं झालं लंडनच्या एका बागेतल्या कमळाच्या उबदार टाक्यात, १८९२ साली. नाव ठेवलं फ्रँक बेडर्ड यांनी. भारतातल्या या कुळाचा जाडजूड ग्रंथ पूर्वी लाहोरला शिकवलेल्या जॉन स्टीफन्सन यांनी १९२३ मध्ये आणला.

नीरा नरसिंहपूर
रविवार

इथे नीरा भीमेला मिळते. घाटाच्या पायरीशी एक जळू सापडली. तिच्या अंगाच्या मधल्या भागात एकेका खंडावर पाच-पाच वळी, म्हणून खंड मोजताना हमखास फसगत होते. शाळेत नेरीस, गांडूळ आणि जळू असे तीन वेगळे वर्ग घोकले जातात. ती वाटणी आता मोडली आहे. गांडूळ आणि जळू दोघांच्याही अंगावर अंड्यांचा कोष विणणारा पट्टा असतो. जनुकं तपासल्यावर जळवा गांडुळांच्याच वंशात निघाल्या, राठ केस गमावलेल्या. उत्तरेकडच्या थंड पाण्यात माशांना चिकटणाऱ्या ॲकँथोब्डेलाच्या पुढच्या खंडांवर ते केस अजून आहेत! आणि २०११ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात हा सगळा गोतावळा समुद्रातल्या बहुकेसी कृमींच्याच एका फांदीवर बसला.

अंधारातली शाखा त्याहून विलक्षण. बाल्कनच्या चुनखडीच्या गुहांत मारिफुगिया कॅव्हॅटिका नावाचा कृमी चुन्याच्या नळ्या बांधून गोड्या पाण्यात राहतो. त्याचे बहुतेक भाऊबंद समुद्रात. १९३० मध्ये त्याला नाव मिळालं.

आपल्याकडे चुनखडी नाही, काळा पाषाण आहे. पण त्याच्या भेगांतही पाणी अंधारातच असतं. गोड्या पाण्यातल्या सुमारे ११०० ज्ञात गांडूळ-जातींपैकी शंभरेक फक्त भूजलात राहणाऱ्या, आणि भूजलाची खिडकी म्हणजे विहीर. घरची विहीर उपसायला काढाल तेव्हा तळाच्या गाळाची पहिली दोन घमेली उन्हात ओतू नका. पाण्यासकट बादलीत झाकून ठेवा. बुधवारपर्यंत भिंग घेऊन स्वारी घरी पोचतेच आहे.