धुळ्याहून सुटणारी बाटली

जळगावात उन्हाळा येत नाही. तो इथला कायमचा रहिवासी आहे. पावसाळा आणि हिवाळा हे दोघं त्याच्याकडे पाहुणे म्हणून उतरतात आणि यजमानाचा स्वभाव ओळखून वेळेत निघतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला, की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, "कसे काय राहता हो तिथं?" या प्रश्नाला जळगावकराचं उत्तर ठरलेलं असतं : "आमचं काही नाही हो, भुसावळला याहून जास्त असतं." भुसावळकर हेच उत्तर जळगावचं नाव घालून देतो. अशा रीतीनं आम्ही एकमेकांच्या सावलीत उन्हाळा काढतो.

अशा मुलखात पाणी हा विषय दोन पेपरांचा असतो. पहिला पेपर, नळ कधी येणार. दुसरा पेपर, आलेलं पाणी गार कसं करायचं. पाण्याला वास आणि चव कशी आणायची, हा तिसरा पेपर आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. तो यंदा आमच्या कन्येनं पुण्याहून आणला.

कन्या पुण्याला शिकते. सुटीत घरी आली ती एक काचेची उंच बरणी घेऊनच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बरणी ओट्यावर दिसली. आत पाणी, पाण्यात काकडीच्या चकत्या, मोसंबीच्या फोडी आणि वर पुदिन्याची पानं. सौ.नं आत डोकावून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "कोशिंबीर फसली का गं?"

"आई, हे इन्फ्युज्ड वॉटर आहे. रोज प्यायचं. बॉडी डिटॉक्स होते."

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. समोर काहीही आलं, तरी मी आधी त्याचा जमाखर्च मांडतो. खर्चाच्या बाजूला एक मोसंबी, अर्धी काकडी आणि पुदिन्याच्या जुडीचा वरचा निम्मा भाग. जमेच्या बाजूला काय? शरीरातली घाण बाहेर काढण्याचं खातं यकृत आणि मूत्रपिंडं या जुन्या, कायम नोकरीतल्या कर्मचाऱ्यांकडे आहे. काकडीच्या चार चकत्या उठून गेल्या म्हणून कुणी त्यांच्याकडे चार्ज देत नाही. क जीवनसत्त्व म्हणावं, तर फोडींतून पाण्यात उतरतं ते किरकोळ; मोसंबी सरळ खाल्ली तर कितीतरी जास्त पदरात पडतं. म्हणजे जमेला उरले दोनच आकडे : थोडा वास आणि थोडी चव. मात्र साखरेच्या रकान्यात शून्य होतं, आणि बाजारातल्या रंगीत बाटल्यांच्या मानानं ते शून्य फार मोलाचं होतं. मी ताळेबंदावर सही केली.

आता ही विद्या पुण्याहून आली, असं कन्येचं म्हणणं असलं तरी आपल्या वैद्यांनी ती फार पूर्वी वहीवर चढवून ठेवली आहे. शार्ङ्गधरसंहितेत तिला 'हिम' म्हणतात. एक भाग औषधी, सहा भाग गार पाणी, रात्रभर भिजत ठेवायचं आणि सकाळी गाळून घ्यायचं. तेच गरम पाण्यात केलं, की त्याचं नाव 'फांट'. म्हणजे आपण ज्याला चहा म्हणून दिवसातून सहा वेळा घेतो, तो शास्त्राप्रमाणे फांट होता. आपण त्यात दूध-साखर घालून उकळ्या काढल्या आणि त्याला शास्त्राबाहेर घालवलं. तापातल्या तहानेवर चरकानं षडंगपानीय सांगितलं आहे. त्यात नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ अशी सहा जणांची कमिटी असते. केरळात तर आजही हॉटेलात बसलात, की पतंगाच्या लाकडानं गुलाबी झालेलं कोमट पाणी समोर येतं. पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाला वाटतं, आधीच्या गिऱ्हाइकाचा पेला विसळून दिला.

आणि आपला वाळा कुठे गेला? आमच्या शाखेत पाण्याचा विजेवरचा कूलर आहे. तरीही आमचे शिपाईकाका मार्च लागला, की कोपऱ्यात तिवईवर माठ मांडतात आणि वाळ्याची मुळं स्वच्छ धुऊन, जुडी बांधून त्यात सोडतात. तीन-चार दिवसांनी जुडी बाहेर काढून कडक उन्हात वाळवतात, पुन्हा सोडतात, आणि वास गेला की बदलतात. पेन्शनच्या दिवशी खेड्यावरून आलेली म्हातारी माणसं आधी माठाकडे जातात आणि मग काउंटरकडे. माठ हा तसा अव्वल दर्जाचा बँकर आहे. ठेवलेल्या पाण्यातलं थोडं तो अंगातून झिरपवून कोरड्या हवेला व्याज म्हणून देतो. दर ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातं, आणि मुद्दल गार होऊन गिऱ्हाइकाला परत मिळतं. हवा जितकी कोरडी, तितका धंदा तेजीत. म्हणून माठाची खरी शाखा खानदेशात चालते. कोकणातल्या दमट हवेत ती तोट्यात जाते.

कन्येच्या बरणीची वार्ता मी शाखेत सांगितली मात्र, आमच्या कॅशियरसाहेबांचा जिल्हाभिमान जागा झाला. साहेब रावेरकडचे. "मोसंबी कसली घालता? जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. केळ घाला!" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मळ्यातलं केळ, स्वतःच्या बाटलीत घातलं. दुपारी जेवणाच्या सुटीत आम्ही पाहिलं, तर पाणी गढूळ, चकत्या तपकिरी, आणि एकंदर देखावा पंचनाम्यात सील करून ठेवलेल्या नमुन्यासारखा. केळ हे सोलून खाण्याचं फळ आहे, पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, असं साहेबांनीच शेवटी जाहीर केलं. मानांकनाला धक्का लागला नाही.

इथवर सगळा मामला गमतीचा होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात धुळ्याहून शालकाचा फोन आला. मामा, म्हणजे आमचे सासरे, दुपारी अंगणात चक्कर येऊन पडले होते.

मामांचं वय ७८. एस.टी.त कंट्रोलर होते. निवृत्त होऊन २० वर्षं झाली, पण अजूनही रस्त्यावरून लाल गाडी गेली, की ते आधी मनगटावरच्या घड्याळात बघतात आणि मग गाडीकडे. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना सलाइन लावलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बाकी काही नाही, पाणी कमी पडलंय. वय झालं, की तहानेची घंटाच नीट वाजत नाही. शरीर कोरडं पडतं आणि माणसाला पत्ता नसतो. त्यातून इथली हवा अशी, की घाम आलेला कळायच्या आत वाळतो. तहान लागायची वाट बघू नका, वेळ लावून पाणी द्या."

हे सांगणं सोपं होतं. मामांनी दुपारनंतर पाणी पिणं बंद केलं होतं आणि त्याला त्यांच्याकडे सबळ कारण होतं : "रातले उठनं पडस." उठताना आपण अंधारात पडू, ही भीती ते बोलून दाखवत नव्हते. पण कॉटपासून संडासापर्यंत भिंतीला हाताचे काळपट डाग पडले होते, ते सौ.नं पाहिले आणि ती बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

मामा घरी आले आणि पाण्याचा मारा सुरू झाला. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्या हातात पेला देई आणि उपदेश करी. मामा "माले तहान लागत नही" म्हणत पेला घेत आणि खुर्ची अंगणात हलवीत. त्या चार दिवसांत अंगणातली तुळस इतकी टवटवीत झाली, की शेजारणीनं खताचं नाव विचारलं.

मग कन्येनं सूत्रं हातात घेतली. आधी डॉक्टरांना फोन करून रोज किती पाणी चालेल ते विचारून घेतलं, कारण हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असलं, तर पाणीही मोजून-मापून द्यावं लागतं. मामांना दोन लिटरची मंजुरी मिळाली. तिनं लिटरची काचेची बाटली घेतली, तिच्यावर कागदाची उभी पट्टी चिकटवली आणि पट्टीवर खुणा करून लिहिलं : धुळे ८, पारोळा १०, एरंडोल १२, जळगाव २. आत पुदिना आणि लिंबाच्या चकत्या. बाटली मामांच्या पुढ्यात ठेवली.

"हाई काय शे? पानी शे का भाजी?"

"आबा, ही गाडी आहे. धुळ्याहून आठला सुटते. दहा वाजले, की पाणी पारोळ्याच्या रेघेपर्यंत उतरलं पाहिजे."

मामांनी चष्मा लावला. पट्टी वरपासून खालपर्यंत वाचली. आणि २० वर्षं मिटून ठेवलेला कंट्रोलर खुर्चीत ताठ बसला. "धुळं ते पारोळं दोन तास? बैलगाडी शे का हाई?"

त्यांनी लाल पेन मागवला. वेळा बदलल्या. "मुकटी कुठे आहे? पाळधी कुठे आहे?" म्हणून दोन थांबे वाढवले. गाडी आठला सुटून बाराला जळगाव गाठेल, कारण ती साधी गाडी आहे, सगळीकडे थांबते. साडेबाराला ती परत फिरेल आणि पाचच्या आत धुळ्याला लागेल. पाचनंतर फक्त जेवणापुरता घोट. रात्रीची सर्व्हिस नाही. म्हणजे जाऊन-येऊन दोन लिटर, आणि रात्रीची झोपही शाबूत. डॉक्टरांना हे वेळापत्रक दाखवलं, तेव्हा त्यांनी ते मोबाईलमध्ये टिपून घेतलं. ज्यानं वेळापत्रक केलं त्याच्याच्यानं ते मोडवत नाही, हा एस.टी.चा नसला तरी माणसाचा नियम आहे.

गाडी सुरू झाल्यावर प्रवाशांचे नियम आले. तेही मामांनीच पाठ केले आणि शेजाऱ्यांना ऐकवले. फळं आणि पानं आधी धुऊन घ्यायची. लिंबा-मोसंबीची साल काढायची, नाहीतर तासा-दोन तासांत पाणी कडू होतं. आंबट प्रवाशाला तांब्याच्या भांड्यात बसवायचं नाही, तांबं पाण्यात उतरतं. कापलेलं फळ घातलेली गाडी उन्हाळ्यात फ्रिजच्या डेपोतच उभी करायची, थांबा आला की पेलाभर ओतून घ्यायचा, आणि आजचे प्रवासी उद्याच्या गाडीत चालवून घ्यायचे नाहीत. परतीच्या फेरीला वाळ्याचं पाणी. कधी सब्जा, तो मात्र २० मिनिटं आधी भिजवून. आणि कुणी उन्हातान्हात राबून घामानं भिजून आलं, तर त्याला हे वासाचं पाणी पुरत नाही. त्याला लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यायचं. ती वेगळी गाडी, तिची पाटीच वेगळी.

तुम्ही म्हणाल, यात पुदिन्याचा पराक्रम काय? साधं पाणी घातलं असतं तरी गाडी धावली असती. मलाही जमाखर्च मांडताना तसंच वाटत होतं. पण सौ.नं सांगितलं, की तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मामांनी आपण होऊन हाक मारली, "आज गाडीम्हा कोन बठेल शे?" सासूबाई गेल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, मामांनी सकाळी उठून घरातल्या कुणाला काही विचारलेलं नव्हतं. उद्या काय असेल याची उत्सुकता असलेला माणूस दोन लिटर पाणी हसत पितो. त्या दोन चकत्या यकृतासाठी नव्हत्याच, त्या या प्रश्नासाठी होत्या. पाण्याला चव नसते हे शाळेत शिकवतात. पण ते प्यायला माणसाला निमित्त लागतं, आणि निमित्त देणारं माणूस घरात असावं लागतं, हे शाळेच्या बाहेरच कळतं.

कन्या पुण्याला परत गेली. बरणी धुळ्यालाच राहिली. पट्टी भिजून फाटली, की शालक नवी चिकटवतो, पण लाल पेन मामांचाच. रोज संध्याकाळी कन्येच्या मोबाईलवर धुळ्याहून निरोप येतो आणि ती तो आम्हाला पुढे पाठवते. परवाचा असा होता : "गाडी ४.५०ला धुळ्यात दाखल. मोसंबी एरंडोलला उतरली. पाळधीला दहा मिनिटं लेट, कारण शेजारचे नाना गप्पा मारायला आले होते. त्यांनाही एक पेला दिला. तिकीट घेतलं नाही."