निळ्या बाटलीआधी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१९ जानेवारी

चि. सायली,


तू पाठवलेले फोटो मोठे करून दोनदा पाहिले. दुकानातून आणलेली ती निळी बाटली अजून उघडली नसशील तर तशीच राहू दे. त्यावर लेबल नाही, घटक लिहिलेले नाहीत आणि तुझ्या टाकीत चेरी श्रिम्प म्हणजे कोळंबी आहे, एवढं कारण मला पुरेसं आहे. निळं औषध मिथिलीन ब्लूही असू शकतं आणि मोरचूदही असू शकतं. मिथिलीन ब्लूने फार तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतील आणि सिलिकॉन निळं पडेल. मोरचुदाने सगळी कोळंबी जाईल. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण करतात ते याच मोरचुदाचं; बुरशी मारायला तांब्यासारखं दुसरं नाही. कोळंबीच्या रक्तातही तांबं असतंच, प्राणवायू वाहून नेण्यासाठी. पण तिला लागतं ते अगदी कणभर. पाण्यात लिटरला मिलिग्रॅमचा अंश जरी जास्त झाला तरी ती तडफडून मरते.

म्हणून आधी रोग ओळखायचा. तुझ्या टाकीत मला दोन वेगवेगळी दुखणी दिसतात.

पहिलं लोच माशांचं. परांवर आणि पाठीवर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके आहेत, मासे दगडाला अंग घासतात असंही तू लिहिलंस. हा इक, म्हणजे इक्थिओफ्थिरिअस. फ्रान्समध्ये फूके यांनी १८७६ साली त्याचं वर्णन केलं. मी कॉलेजात शिकवत असताना मुलांना तो आवर्जून दाखवायची. माशाच्या अंगावरचा चिकट थर काचपट्टीवर अलगद घ्यायचा, वर पाण्याचा थेंब आणि कव्हरस्लिप. सूक्ष्मदर्शकाखाली एक गोल, केसाळ जीव सावकाश स्वतःभोवती फिरत असतो आणि त्याच्या पोटात घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक स्पष्ट दिसतं. एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही.

सगळे उपचार फसतात ते त्याचं आयुष्य माहीत नसल्यामुळे. दिसणारा ठिपका माशाच्या त्वचेच्या आत असतो, तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, स्वतःभोवती कोष करतो आणि आत शेकडो, कधी हजारभर पिल्लं होतात. ती बाहेर पडून मासा शोधत पोहतात, तेव्हाच ती औषधाच्या तावडीत सापडतात. मासा मिळाला नाही तर एकदोन दिवसांत मरतात. म्हणजे ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवणं हा रोग टिकवण्याचा खात्रीचा मार्ग. पाणी २५ अंशांवर असेल तर हे सगळं चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं; तुझ्या गडहिंग्लजच्या या थंडीत, हीटर नसेल तर, दोन आठवडेही लागतील.

इक कोळंबीवर जगू शकत नाही. त्यामुळे कोळंबी हलवायची नाही, मासे हलवायचे. लोच आणि गप्पी दोन्ही एका मोठ्या टबात काढ. टबात वाळू नको, फक्त स्पंज फिल्टर, एअर पंप, हीटर आणि लपायला मातीच्या कुंडीचा तुकडा. मुख्य टाकी तीन आठवडे माशांविना राहू दे, हीटरने २५ अंशांवर. इक तिथे उपाशी मरेल आणि कोळंब्यांना एक थेंबही औषध लागणार नाही. (किनाऱ्यावरच्या कोळंबी शेतीत १९९०च्या दशकात ज्या पांढऱ्या ठिपक्यांनी हाहाकार केला तो विषाणू होता, त्याला औषध नाही. त्याचा आणि याचा काही संबंध नाही. ते वाचून घाबरली असशील तर निश्चिंत राहा.)

टबातलं तापमान दिवसाला एकदोन अंश चढवत ३० पर्यंत ने आणि दहा-बारा दिवस ठेव. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि लोच हा वाहत्या, थंड पाण्यातला मासा आहे, म्हणून एअर पंप रात्रीही चालू हवा. एवढ्याने भागलं नाही तरच मॅलाकाइट ग्रीन, तेही बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मंच. लोचचे खवले अगदी बारीक, त्वचा जवळजवळ उघडीच. इतर माशांना सोसतं ते त्याला सोसत नाही. हातमोजे घाल. खाण्याच्या माशांसाठी त्या औषधावर बंदी आहे, उगाच नव्हे. टबातलं पाणी ओढ्यात किंवा हिरण्यकेशीत ओतू नकोस.

या लोचबद्दल मी इतकं लिहिते आहे त्याला कारण आहे. दुकानदार त्याला बाहेरचा मासा समजून विकतो, पण तो आपल्या घाटातला आहे. बोटिया स्ट्रायटा. नारायण राव यांनी १९२० साली तुंगा नदीतल्या माशावरून त्याचं नाव ठेवलं. पुढे १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये कोल्हापूरच्या माशांवर लेख आला, त्यात इथल्या माशाला 'कोल्हापुरेन्सिस' असा वेगळा प्रकार म्हणून मान मिळाला. नंतर तो मूळ जातीतच धरला गेला, तरी आपल्या गावाचं नाव एकदा त्याला लागलं होतं. आज आययूसीएनच्या यादीत तो संकटग्रस्त आहे: ओढे आटतात, गढूळ होतात आणि शोभेच्या माशांच्या बाजारासाठी तो पकडलाही जातो. तुझ्या टाकीतले तिघे असे कुठल्या तरी ओढ्यातून आलेले असण्याची शक्यता मोठी आहे. ते जगावेत असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरं दुखणं, गप्पींचं. गुदद्वारातून बाहेर आलेले ते लाल धागे म्हणजे विष्ठा नव्हे, कॅमॅलॅनस जातीचे जंत. हा गोलकृमी आतड्याला धरून रक्त पितो, म्हणून लाल. इक आधी मारतो, हा सावकाश मारतो. त्यामुळे आधी इक आवर, मग याच्याकडे वळ. औषध लेव्हामिसोल, शेळ्या-मेंढ्यांना देतात ते. जनावरांच्या डॉक्टरांकडे जा आणि लिटरला २ मिलिग्रॅम असा हिशेब त्यांच्याकडूनच करून घे, कारण प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत कागदावर ५६ लिटर बसतात, पण वाळू-दगड गेल्यावर पाणी बरंच कमी भरतं. टाकी असो की टब, भरताना बादल्या मोज. लेव्हामिसोलने जंत मरत नाहीत, लुळे पडून गळतात. म्हणून रात्रभर अंधारात ठेवून दुसऱ्या दिवशी तळ नळीने पूर्ण ओढून काढ, निम्म्याहून जास्त पाणी बदल आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा कर.

एक विनंती. डासांसाठी गप्पी सोडा म्हणून आरोग्य खात्याची मोहीम आली तर यातले मासे देऊ नकोस. हवाईत परक्या गप्पींबरोबर हाच जंत गेला आणि तिथल्या ओढ्यांतल्या मूळ माशांत शिरला. आपल्या ओढ्यांत लोच आहेत.

कोळंब्यांच्या डोक्याच्या टोकाशी पांढरे बारीक तंतू हलताना दिसतात का, तेही भिंगाने बघ. असले तर तो स्क्युटॅरिएला नावाचा कृमी. त्याची अंडी टाकलेल्या कातीत राहतात, म्हणून काती उचलत जा. एरवी कात टाकीत राहिलेली चांगली, कोळंबी ती खाते. गोल्डफिश कधी आणलास आणि त्याच्यावर चपट्या, सरकणाऱ्या उवा दिसल्या, तर त्यांचं औषध या टाकीच्या जवळही आणू नकोस. त्या उवा आणि कोळंबी दोघीही कवचधारी, एकीला मारणारं दुसरीला सोडत नाही.

पाणी बदलताना क्लोरीन जावं म्हणून नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेव किंवा हायपोचे दोनचार खडे घाल. टब लावलास की तापमान सकाळ-संध्याकाळ लिहून ठेव आणि रविवारी मला वाचून दाखव. माळ्यावरच्या कपाटात माझा जुना भिंगाचा संच आहे, तो दादा येत्या शनिवारी गडहिंग्लजला येताना घेऊन येईल.

तुझी,
मावशी