फाळका

"आई, आजपासून बरोब्बर शंभर दिवस!"

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चिरंजीवांचा हा फोन दरवर्षी येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिवस मोजले होते. सप्टेंबरचा पहिला आठवडा. म्हणजे गणपतीच की! या वर्षी स्वारी गणपतीला घरी येणार म्हणून मी मनातल्या मनात मोदकांचे तांदूळसुद्धा निवडायला घेतले. तर पलीकडून म्हणतो कसा, "अगं गणपती नाही, मॅच! पहिली मॅच! संपला बाई एकदाचा ऑफ-सीझन!"

तर मंडळी, आज या ऑफ-सीझनबद्दलच लिहायचं आहे.

आमचे चिरंजीव गेली पंचवीस वर्षं अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर या गावी आहेत. शिकायला म्हणून गेला, शिकला, मोटारींच्या धंद्यात नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉलच्या स्टेडियममध्ये माणसं बसतात १,०७,६०१! अमेरिकेतलं हे सगळ्यात मोठं स्टेडियम. १९२७ साली बांधलेलं आणि बरचसं जमिनीत खोदलेलं, एखाद्या प्रचंड परातीसारखं. मॅचच्या शनिवारी ही परात काठोकाठ भरते.

आणि हा काही आपला फुटबॉल नव्हे. यात पायाचा संबंध फार थोडा. चेंडू लांबोडका, हातात धरून पळायचं, बाकीच्यांनी अंगावर कोसळायचं. मला नियम काही केल्या समजेनात. आमचे हे बँकेत कॅशियर होते. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "सोपं आहे. चार हप्त्यांत दहा यार्ड फेडायचे. फेडले तर पुढचं कर्ज मंजूर. नाही फेडले तर जप्ती, चेंडू दुसऱ्याच्या ताब्यात!" इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही.

हे सगळं २०११ सालचं. तेव्हा आम्ही दोघं पहिल्यांदा तिकडे गेलो होतो, ऑगस्ट ते डिसेंबर. गेल्यावर कळलं की या दिवसांत शनिवारी घरात कोणी नसतंच. सकाळी सातला डबे, बर्फाच्या पेट्या, घडीच्या खुर्च्या गाडीत घालायच्या आणि स्टेडियमजवळ जायचं. जवळच विद्यापीठाचं गोल्फचं मैदान आहे. एरवी ज्या हिरवळीवर लोक जपून पावलं टाकत असतील, तिथे मॅचच्या दिवशी गाड्यांच्या रांगा! एका झाडाखाली चिरंजीवांच्या मित्रमंडळाची ठरलेली जागा. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गोरे काका तिथे त्यांचा जुना निळा ट्रक आणतात. आपला मालट्रक नव्हे, पुढे माणसं आणि मागे उघडी हौदी असते तो. ट्रक लावला की काका मागचा फाळका खाली पाडतात. फाळका पडला की तेच टेबल, तोच ओटा, तेच बसायचं बाकडं. या फाळक्याला तिकडे टेलगेट म्हणतात, आणि मॅचआधीच्या या सगळ्या मेळाव्याला टेलगेटिंग.

मित्रमंडळ म्हणजे कोण? हे काका-काकू, चिरंजीवांच्या ऑफिसातले दोघं, एक चिनी डॉक्टरीणबाई, एक शाळेतला बँडमास्तर आणि आमची मंडळी. एकीकडे सॉसेज भाजली जात, बिअरच्या बाटल्या फुटत (मी खुर्ची जरा लांब सरकवून घेई), आणि दुसरीकडे आमच्या सूनबाईंची पावभाजी! काकांनी तिच्यासाठी खास एक भला मोठा लोखंडी तवा आणला होता. बारक्या पोत्यांचा एक खेळही असे. मक्याचे दाणे भरलेली वीतभर पोतडी लांबून फळीच्या भोकात टाकायची. त्यातलं एक उसवलं तेव्हा मी ते घरी नेलं, सूनबाईंच्या डब्यातला राजमा भरला आणि गोधडीला घालतो तसा बारीक धावदोरा घालून शिवून दिलं. माझा सहभाग तेवढाच. बाकी मी तोंड वाकडं करूनच बसले होते. कॉलेजच्या पोरांच्या खेळापायी चाळिशीकडे झुकलेली माणसं तोंडाला पिवळा-निळा रंग फासून नाचतात, हे काही माझ्या मास्तरकीच्या डोक्यात बसेना.

हे मात्र रमले. त्या वर्षीच्या शेवटच्या शनिवारी, २६ नोव्हेंबरला, ओहायो स्टेटशी मॅच होती. ही भाऊबंदकी जुनी, १८९७ पासूनची. मिशिगन ४०–३४ अशी जिंकली. त्याआधी सलग सात वर्षं ओहायोपुढे त्यांचं काही चाललं नव्हतं. काकांनी यांना उचलायचंच बाकी ठेवलं. "तुमच्या पायगुणानं जिंकलो" असं काहीतरी ते इंग्रजीत म्हणाले, आणि हे तर फुलूनच गेले.

पायगुण खराच म्हणायचा! कारण आम्ही परत आलो आणि पुढच्या वर्षापासून मिशिगन ओहायोपुढे हरू लागली. २०१२ ते २०१९, ओळीनं आठ वेळा! २०२० साली कोरोनामुळे ती मॅचच झाली नाही.

आता ऑफ-सीझनचा हिशोब सांगते. नेहमीच्या मॅचेस बारा, त्यातल्या गावात होतात सहा-सात, आठ म्हणजे डोक्यावरून पाणी. ऑगस्टची अखेर ते नोव्हेंबरची अखेर. पुढे डिसेंबर-जानेवारीत मोठे सामने, तेही संघ चांगला असला तर. मग संपलं! जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत नुसतं बसून राहायचं. मधे एप्रिलमध्ये आपसातली एक सरावाची मॅच होते. कोणता मुलगा नव्यानं येणार, कोण हे विद्यापीठ सोडून त्या विद्यापीठात गेला, याच्या बातम्या चघळायच्या. (आता तर पैसाही आला. २०२१ च्या जुलैपासून या मुलांना आपल्या नावावर जाहिराती घेता येतात, आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठं स्वतःच त्यांना पैसे देऊ शकतात. आमच्या शाळेच्या कबड्डी संघाला मी लिंबू-सरबत देत असे, ते आठवलं!) सात शनिवारांसाठी वर्षातले बाकीचे सगळे दिवस वाट बघायची, हे मला शुद्ध वेडेपण वाटे.

खरं तर वाटायला नको होतं. मी फलटणची. माउलींची पालखी आमच्या गावी मुक्कामाला असते. आमच्या आळीतले एक गृहस्थ दरवर्षी दिंडीत जात. रथापुढे अमुक नंबरची दिंडी, तिच्यात अमुक रांग, ठरलेली. पंढरपूरहून परत आले की आठवड्याच्या आत पुढच्या वारीचं बोलणं सुरू. "वारी अठरा-वीस दिवसांची हो बाई, पण वारकरी बारा महिन्यांचा," असं ते म्हणायचे. ते मला पटायचं. मुलाचं मात्र पटत नव्हतं.

आता जरा अवघड भाग.

२०२१ च्या नोव्हेंबरात यांना पंचाहत्तर पूर्ण झाली. मी हॉल बघून ठेवला होता, गुरुजींना सांगून ठेवलं होतं. कोरोनानं दोन वर्षं मुलाचं तोंड पाहिलं नव्हतं. तो येणार म्हणाला. आणि मग पंधरा दिवस आधी फोन, "आई, जमत नाही." कारण विचारलं तर गुळमुळीत. हे म्हणाले, "जाऊ दे, गर्दी करायचे दिवस नाहीत हे." हॉल रद्द झाला. घरच्या घरी ओवाळलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी फोनवर फोटो आला. पडणारा बर्फ, हजारो माणसं मैदानात उतरलेली, आणि त्यांच्यामध्ये आमचे दिवटे, पिवळा रंग फासलेला चेहरा, दोन्ही हात वर. आदल्या दिवशी मिशिगननं ओहायोला ४२–२७ असं हरवलं होतं. दहा वर्षांनी. हे फोटो बघून हसत होते. मी चार दिवस मुलाशी बोलले नाही. बापाच्या पंचाहत्तरीपेक्षा ज्याला मॅच मोठी, त्याच्याशी काय बोलायचं?

२०२२ च्या एप्रिलमध्ये हे गेले. झोपेतच. मुलगा आला, सगळं यथासांग केलं. तेराव्याच्या संध्याकाळी माझ्याच्यानं राहवलं नाही. "नोव्हेंबरात आला असतास तर भेट झाली असती. मॅच महत्त्वाची होती ना!" असं मी पाहुण्यांच्या देखत बोलले. तो काही बोलला नाही. पानातलं तसंच ठेवून उठला.

जूनमध्ये पेन्शनच्या कागदांसाठी यांचं कपाट काढलं. बँकेच्या डायऱ्या यांना दरवर्षी मिळत, त्या मी कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक डायरीच्या मागच्या पानांवर, कॅशियरच्या नेटक्या अक्षरात, शनिवारांची यादी. समोरचा संघ, गुण, शेरा. २०१२ पासूनच्या सगळ्या! शनिवारी रात्री हे गॅलरीत मोबाईल घेऊन बसायचे. मी समजत होते, वयोमानानं झोप लागत नाही. तिकडची दुपारची बाराची मॅच आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू होते, नोव्हेंबरात साडेदहाला. बापलेक दर शनिवारी बोलत होते. ऑफ-सीझनमध्ये तर आठवड्यातून दोनदा, यांच्याच शब्दांत, "नवीन भरतीविषयी चर्चा."

आणि २०२१ च्या पानावर, ओहायोच्या मॅचच्या वर, लिहिलं होतं : "पोरानं तिकीट काढलं होतं. रद्द करायला लावलं. या वेळी जिंकणार. दहा वर्षं थांबलाय, ही मॅच सोडून येऊ नकोस म्हटलं. हिला सांगू नको म्हटलं, हॉलचं मनावर घेतलंय तिनं. शहात्तरी करू."

मी त्या कपाटासमोर किती वेळ बसले, सांगता यायचं नाही. पोरानं बापाला दिलेला शब्द बाप गेल्यावरही पाळला होता. आणि मी त्याला चार माणसांत बोलले होते.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये मी तिकडे गेले. पहिल्याच शनिवारी सकाळी सातला सगळ्यांच्या आधी मीच साडी नेसून तयार! तेच झाड, तोच निळा ट्रक. काकांनी मला पाहिलं, टोपी काढली, काहीच बोलले नाहीत. फाळका पाडला आणि त्यावर हात मारून मला बसायची खूण केली. काकूंनी पोतड्यांची पेटी उघडून दाखवली. माझा धावदोरा जसाच्या तसा! बारा वर्षांत एक टाका सुटला नव्हता. (राजमा तोच होता की नाही, ते विचारलं नाही.)

तिकिटं महाग. त्यामुळे काकू आणि मी बाहेरच थांबलो. ट्रकमध्ये जनरेटरवर टीव्ही लावलेला. एक गंमत सांगते. स्टेडियम हाकेच्या अंतरावर, आणि टीव्हीवरचं चित्र काही सेकंद मागे असतं. म्हणजे आधी त्या परातीतून लाखभर माणसांची गर्जना उठते, आपण दचकतो, काहीतरी मोठं झालं हे कळतं, पण काय झालं ते मागाहून दिसतं. मला तर ते सहा महिन्यांनी, कपाट उघडल्यावर दिसलं होतं.

मॅच संपल्यावर मंडळी बाहेर आली. चिरंजीव खुशीत होते. मी तव्यावर पाव भाजत होते. मान वर न करता विचारलं, "काय रे, त्या रद्द केलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळाले का?"

तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळानं म्हणाला, "निम्मे."

"निम्मे म्हणजे बरे मिळाले," मी म्हटलं आणि त्याच्या ताटलीत पाव वाढला. आमच्यात माफी अशीच मागतात. त्यानं तो पाव उभ्या उभ्याच खाल्ला आणि दुसरा मागितला.

त्या वर्षी मिशिगननं ओहायोला ३०–२४ असं हरवलं, आणि ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टन इथे वॉशिंग्टनला ३४–१३ असं हरवून सगळ्या देशातलं अजिंक्यपद मिळवलं. हे आकडे मी यांच्याच डायरीत, यांच्याच यादीखाली लिहिलेत. अक्षर माझंही वाईट नाही.

आता गुडघे पुन्हा इतका लांबचा प्रवास करू देतील असं वाटत नाही. पण फोन येतात. मोसम चालू असला की त्याला वेळ नसतो, गुण सांगतो आणि ठेवतो. ऑफ-सीझनमध्ये मात्र निवांत बोलतो. कोण नवा मुलगा आला, कोण सोडून गेला, काकांचा ट्रक या थंडीत सुरू होतो की नाही, नातीला मराठी वाचता यायला लागलं का, मी गोळ्या वेळेवर घेते का. बाबांशी बोलायचा, ते सगळं आता माझ्याशी बोलतो.

लोक ऑफ-सीझन संपायची वाट बघतात. मला विचाराल तर तो थोडा लांबला तरी माझी तक्रार नाही.