बीदरच्या मातीचा काळा रंग

बेळगावला कुठल्याही लग्नाला गेलं की मला एक प्रश्न ठरलेला असतो : 'म्युझियममध्ये असतेस म्हणजे नक्की काय करतेस गं?' जुन्या वस्तूंचं जतन करते, असं सांगितलं की समस्त मावशीवर्गाचा चेहरा खुलतो. 'म्हणजे घासूनपुसून लख्ख करतेस!' मग गौरीचे चांदीचे मुखवटे काळे पडलेत, त्यांना काय लावू, याकडे बोलणं वळतं. खरं म्हणजे आमच्या कामात लख्ख करण्याचा भाग फार थोडा. बराचसा वेळ जातो तो काय करायचं नाही, हे ठरवण्यात. बीदरला जाऊन आले, तीही याच कारणासाठी.

मुंबईतल्या एका कलासंग्रहालयात मी धातूच्या आणि दगडाच्या वस्तू पाहते. शिक्षण रसायनशास्त्राचं, पण या कामाचं वळण लागलं ते लखनौला. सांस्कृतिक वस्तूंच्या जतनासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा तिथे 1976 साली सुरू झाली. तिची एक शाखा आपल्या म्हैसूरलाही आहे. तिथे पहिले काही आठवडे मी वस्तूला हातच लावला नाही. फक्त लिहायचं. समोर एक पितळी दिवा आणि हातात भिंग. 'सुंदर', 'जीर्ण', 'खराब' हे शब्द बंद. तडा किती मिलिमीटरचा, डाग कोणत्या रंगाचा, कडा धारदार की झिजलेल्या, एवढंच. आमचे सर म्हणत, वस्तूचं वर्णन पंचनाम्यासारखं हवं, कीर्तनासारखं नको. मग लाकडी काडीला कापूस गुंडाळून बोळा करायला शिकलो. तोही हलक्या हाताने फिरवत न्यायचा, घासायचा नाही. शुद्ध पाणी, स्पिरिट आणि (कुणाला किळस येवो न येवो) थुंकी, ही आमची नेहमीची औषधं. थुंकीतल्या पाचक रसांनी काही प्रकारची जुनी घाण इतकी अलगद सुटते, की जगभरातल्या प्रयोगशाळांत ती वापरतात. घरी हे सांगितलं तेव्हा आजीने दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही.

आता बीदरचं कारण. आमच्याकडे बिदरी कामाचं एक हुक्क्याचं भांडं आहे, गोल पोटाचं, खाली पाणी भरायचं ते. गोल पोटाची भांडी जुन्या घडणीची. घंटेच्या आकाराची पुढे आली. बिदरी म्हणजे काळ्या मखमलीवर चांदीची वेलबुट्टी, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आपल्याकडे निरोपसमारंभात फुलदाणी किंवा डबी मिळालेली असतेच. आमच्या भांड्याची मात्र एक बाजू काळी आणि दुसरी राखाडी. संग्रहालयात येण्याआधी कधीतरी, कोणा मालकाच्या घरी, चांदी चमकावी म्हणून कुणीतरी ते पॉलिशने मन लावून घासलं होतं. चांदी चमकली, पण काळा रंग गेला. त्यात दोन फुलांची चांदीही निघालेली. हे भांडं नव्या दालनात मांडायचं ठरलं आणि कार्यालयात दोन तट पडले. एक म्हणे, पुन्हा काळं करून घ्या, लोकांना बिदरी कशी असते ते दिसायला हवं. दुसरा म्हणे, आहे तसं ठेवा. मत माझं मागितलं होतं. पुस्तकं वाचून झाली होती, पण हे काळं करणारा माणूस पाहिल्याशिवाय मत द्यायचं मला जिवावर आलं.

बेळगावहून रात्रीची बस धरली. विजापूर झोपेत गेलं, उजाडलं ते गुलबर्ग्याच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना काळी माती आणि तुरीची शेतं. बीदर जवळ आलं की जमीन एकदम लाल होते. जांभ्या दगडाच्या पठारावर गाव वसलंय, आपल्या खानापूरकडच्या मातीची आठवण व्हावी असं. बाजारात पहिल्या दहा मिनिटांत कन्नड, मराठी, दख्खनी आणि तेलुगू अशा चारही भाषा कानावर पडल्या. चहावाली बाई एकाशी कन्नडात भांडत होती, दुसऱ्याशी मराठीत हिशेब करत होती. मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

चौबाऱ्याजवळच्या गल्लीत बिदरीची दुकानं आहेत. पुढे विक्री, मागे ठोकाठोक. इथल्याच शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. मी गेले ते दुसऱ्या एका वयस्कर कारागिराकडे. त्यांनी सगळी क्रिया बैठकीतच दाखवली. भांडं ओततात जस्ताचं, त्यात थोडंसं तांबं. कानस मारून गुळगुळीत केलं की मोरचुदाचं पाणी फासायचं, म्हणजे ते तात्पुरतं काळवंडतं आणि त्यावर सुईसारख्या लेखणीने काढलेली नक्षी उठून दिसते. नक्षी छिन्नीने कोरायची, खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा, पुन्हा घासायचं. या टप्प्याला सगळं भांडं पांढरट दिसतं, चांदी कुठली आणि जस्त कुठलं कळत नाही. मग ते कोमट करून, किल्ल्याच्या मातीत नवसागर मिसळून उकळलेलं पाणी लावायचं. बघता बघता जस्ताचा पृष्ठभाग काळाकुट्ट होतो आणि चांदी तशीच राहते. शेवटी तेलाचा हात. ही जादू त्या थोड्याशा तांब्याची. निव्वळ जस्तावर असा काळा चढत नाही.

माती मात्र कुठलीही चालत नाही. किल्ल्याच्या ज्या भागात शेकडो वर्षं ऊन-पाऊस पोचलेला नाही, तिथली लागते. तिच्यात सोरा असतो, असं रसायनशास्त्र सांगतं. चाचांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि मान हलवली. आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र याच कामाला अर्धा दिवस घेतं.

मग मी आमच्या भांड्याचे मोठे करून आणलेले फोटो मांडले. खुद्द वस्तू अशी पिशवीत घालून नेता येत नाही. राखाडी बाजू पाहून ते कळवळले. 'बेटा, इसकू कैको ऐसा छोड़े? मेरेकू देओ, दो दिन में नवा कर देतुं.' मी विचारलं, कसं करणार? आधी सगळं घासून पांढरं करायचं, निघालेली फुलं नव्या चांदीने भरायची, मग माती. म्हणजे उरलेला जुना काळा रंगही जाणार, कधीकाळी ठोकलेला चांदीचा पत्रा आणखी झिजणार. त्यांच्या दृष्टीने यात काही गैर नव्हतं. वस्तू वापरायची, पुन्हा काळी करायची, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. काळं नसलेली बिदरी त्यांना कुंकू पुसलेल्या कपाळासारखी दिसत होती, आणि ते मला समजत होतं.

पण तेवढ्यात ते स्वतःच थांबले. निघालेल्या फुलाचा फोटो उचलून उजेडात धरला. रिकाम्या खाचेत छिन्नीचे बारीक घाव दिसत होते. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाले, हा कारीगर आमच्यासारखा नाही, छिन्नी तिरपी धरतो. आणि इथे काठ आतून कापलाय, पत्रा अडकून बसावा म्हणून. हे तर आम्ही हल्ली करतच नाही. नातवाला हाक मारून त्याला ते दाखवलं. तो मोबाइल बाजूला ठेवून पाहू लागला. त्या खाचेत मी काम करते तिथल्या कुणालाही हे वाचता आलं नसतं, आणि खाच भरून टाकली असती तर चाचांनाही नाही.

दुपारी महमूद गवानच्या मदरशाकडे गेले. 1472 साली बांधलेली ही इमारत. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात तिचा मोठा भाग उडाला. दोन मिनारांपैकी एक उभा आहे, आणि दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या रंगांच्या फरशा काही ठिकाणी टिकून आहेत, बाकी भिंत उघडी. शाळेची सहल आली होती. मुलं त्या फरशांकडेच बोटं दाखवत होती. भिंत पूर्ण रंगवा, असं काही कुणी म्हणत नव्हतं. इमारतीला आपण जी सवलत देतो ती हातात मावणाऱ्या वस्तूला का देत नाही, हा विचार तिथे पायऱ्यांवर शेंगा खाताना आला. बाईंनी एका पोराला दटावलं, 'मुट्टबेडा!' आमच्या धंद्याचं ब्रीदवाक्यच ते.

मुंबईला परतून अहवाल लिहिला : पुन्हा काळं करू नये, फुलं भरू नयेत. काळ्या बाजूवरची धूळ स्पिरिटच्या बोळ्याने काढली, वर मेणाचा पातळ हात दिला. तो पुढे कधीही काढता येतो. राखाडी बाजूच्या खाचांत साचलेली पॉलिशची पांढरी भुकटी बांबूच्या काडीने टोकरायला नऊ दिवस लागले. खरी काळजी पुढची होती. मुंबईच्या पावसाळी हवेत जस्तावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते, आणि कपाटाच्या प्लायवुडमधून, गोंदातून निघणारी आम्लं ती वाढवतात. म्हणून कपाटाचा प्रत्येक माल आधी तपासला. ही परीक्षा ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी 1973 साली मांडली : मालाचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या बंद नळीत घालून 60 अंशांवर 28 दिवस ठेवायच्या. पट्ट्या डागाळल्या तर तो माल बाद. आमचे दोन प्लायवुड बाद झाले आणि उद्घाटनाची तारीख पुढे गेली. त्याबद्दल माझा कुणी सत्कार केला नाही!

चाचांनी दिलेली मातीची पुडी प्रयोगशाळेत नमुन्यांच्या खणात आहे. छिन्नीच्या घावांचे फोटो मी त्यांच्या नातवाला पाठवले. तसा आतून कापलेला काठ जमतोय का, ते तो एका छोट्या डबीवर करून पाहतोय. तिसऱ्या खेपेला पत्रा बसला, असा त्याचा निरोप आला. इकडे भांडं दालनात आहे, राखाडी बाजू जरा पुढे वळवून. पहारा करणारे काका आमच्याच बाजूचे, निपाणीचे. लोक विचारतात, हे असं अर्धंच का काळं? काका मराठीत, हिंदीत आणि वेळ पडली तर कन्नडातही समजावून सांगतात. परवा एका बाईंना ते सांगत होते, 'कुणीतरी लई जीव लावून घासलंय, ताई. तुमच्या घरी असली डबी असंल तर कोरड्या फडक्यानं पुसा, चिंच लावू नका.'