लाइट इंजिन

एकटीने कुठे जाण्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. माझ्या आईला वाटते. म्हणून मी तिच्याशी खोटे बोलले, आणि ते खोटे जेमतेम तीन दिवस टिकले. त्याची ही हकीकत.

गेली काही वर्षे मी नोकरीसाठी व्हिएन्नाला असते. रेल्वेच्या सिग्नलांची ड्रॉइंगे तपासणे हे माझे काम. २६ ऑक्टोबर हा ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन. २०२३ साली तो गुरुवारी आला. शुक्रवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस मोकळे. कचेरीतली मंडळी आपापल्या गावी निघाली. दोघातिघांनी मलाही आग्रहाने बोलावले, आणि मी सगळ्यांना नाही म्हटले. मला कुणाचा कंटाळा आला होता असे नव्हे. चार दिवस कुणालाही उत्तर द्यावे लागू नये, एवढीच इच्छा होती.

निघण्याआधी कर्जतला फोन केला. आईने पहिलाच प्रश्न विचारला, "बरोबर कोण आहे?"

"ऑफिसातली एक बाई आहे."

"लग्न झालेली?"

"हो. दोन मुलं आहेत तिला."

खोटे एकदा जन्माला आले की त्याला असा संसार लागतो! आईचे समाधान झाले. "सांभाळून जा, आणि तिच्या मुलांना काहीतरी खाऊ ने," असे सांगून तिने फोन ठेवला.

मी निघाले होते सेमरिंगला. व्हिएन्नाच्या नैऋत्येस तास-दीड तासाच्या वाटेवर हा घाट आहे. तिथे लोक जातात ते बर्फासाठी, नाहीतर हवा पालटायला. मी गेले ती रेल्वेसाठी, आणि ह्याचे कारण कर्जतच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. इतरांसाठी सांगते.

मुंबईहून पुण्याकडे जाणारी लांबच्या पल्ल्याची गाडी कर्जतला थांबते. प्रवासी बटाटेवडे घ्यायला खाली उतरतात, आणि तेवढ्यात गाडीच्या शेपटाला मागून इंजिने लागतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात, आणि गाडी पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल करीत खंडाळ्याचा घाट चढते. लोणावळ्याला बँकर सुटतात. गाडी पुण्याला जाते, बँकर कर्जतला परत येतात. पुण्याच्या प्रवाशाला त्यांचा पत्ताही नसतो.

माझे वडील त्या बँकरवर ड्रायव्हर होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या घाटावर चढवण्यात घालवला. डबे न लावता इंजिन नुसतेच धावते तेव्हा त्याला रेल्वेत 'लाइट इंजिन' म्हणतात. लोणावळ्याहून दोन-तीन बँकर एकमेकांना जोडून असे रिकामे खाली येत. बाबा म्हणत, "जाताना मी रेल्वेचा, येताना माझा." शेजारी असिस्टंट असे, सिग्नलावर नजर ठेवावी लागे, उतारावर ब्रेकची काळजी चढणीहून जास्तच. तरी मागे ओझे नाही, पुढे कुणाची गाडी नाही. पावसाळ्यात दोन्ही अंगांना धबधबे. ड्यूटीवरून ते दमून येत, पण वैतागून आलेले मला आठवत नाहीत. त्या उतरणीच्या वाटेवर त्यांचे काहीतरी धुऊन निघत असावे.

तर सेमरिंग. गाडी ग्लॉगनिट्सपर्यंत सपाटीवरून जाते आणि तिथून चढ लागतो. त्या स्टेशनात शेजारच्या रुळावर एक मालगाडी उभी होती आणि तिच्या मागे एक इंजिन लागलेले होते. मी खिडकीला नाक लावून पाहू लागले. समोर बसलेल्या आजोबांनी काय आहे म्हणून वाकून पाहिले. त्यांना काहीच दिसले नाही. मला कर्जत दिसत होते.

हा मार्ग कार्ल फॉन गेगा नावाच्या इंजिनिअराने १८४८ ते १८५४ ह्या सहा वर्षांत बांधून घेतला. लांबी ४१ किलोमीटर. १६ मोठे पूल. कामावर सुमारे २० हजार माणसे. मुख्य मार्गाची गाडी असा घाट चढू शकेल ह्यावर तेव्हा पुष्कळांचा विश्वास नव्हता. गंमत अशी, की काम सुरू झाले तेव्हा ही चढण पेलणारे इंजिनच अस्तित्वात नव्हते. आधी रस्ता केला, मग त्याला साजेसे इंजिन शोधले! इथे गाडी सुरू झाली आणि दोनच वर्षांनी, १८५६ साली, आपल्या बोरघाटात सुरुंग उडू लागले. तिथला चढ सदतिसास एक, म्हणजे सेमरिंगच्याच तोडीचा. बोगदे २५. १८६१ साली त्या कामावर ४० हजारांहून अधिक मजूर होते. पटकीने आणि तापाने हजारो मेले. सेमरिंगलाही साथींनी शेकडो मजूर गेले. माझे आजोळ खालापूर तालुक्यातले. "घाट माणसं खाऊन उभा राहिला," असे आईची आजी म्हणे.

खाणावळीच्या मालकिणीने दारातच विचारले, "एकट्याच?" मी "हो" म्हटले. तिने एक किल्ली दिली, खिडकीजवळच्या टेबलावर एक ताट मांडले आणि विषय संपला. मला उगीचच वाईट वाटले. आपल्याकडे असती तर तिने अजून दहा प्रश्न विचारले असते, आणि मी चिडले असते. इथे चिडायलाही कुणी नव्हते.

शुक्रवारी सेमरिंग स्टेशनापासून रुळाच्या कडेकडेने जाणारी पायवाट धरली. लार्चची झाडे पिवळी पडली होती. एका उंचवट्यावरून काल्टे रिन्नेचा दुमजली पूल दिसतो. जुन्या २० शिलिंगच्या नोटेवर ह्याच पुलाचे चित्र असे. म्हणून त्या जागेला नोटेचेच नाव पडले आहे. पूल ४६ मीटर उंच. त्याच्यावरून गाडी वळण घेऊन गेली तेव्हा मी मागे इंजिन आहे का ते पाहिले. नव्हते. प्रवासी गाडीला तिथे त्याची गरज पडत नाही. कर्जतलाही २०२३च्या फेब्रुवारीपासून सोलापूरची वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. बाबांना हे पाहायला मिळाले नाही. मिळाले असते तर त्यांनी कौतुक केले असते, आणि मग बराच वेळ गप्प बसले असते.

तिथे बसल्याबसल्या मला ॲलिस ट्रेडवेल आठवली. बोरघाटाचे काम पहिल्या कंत्राटदाराच्या हातून निसटले. पगारावरून मजुरांनी दंगा केला, आणि १८५९ साली त्याने काम सोडले. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी बायकोला घेऊन विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून मेला. ॲलिस त्याची बायको. पुढच्या बोटीने ती परत गेली असती तर कुणी तिला नावे ठेवली नसती. तिने कंत्राट आपल्याकडे घेतले, देखरेखीला दोन इंजिनिअर नेमले, आणि १८६३ साली घाटातून गाडी गेली. घाटाच्या बांधकामाची जी जुनी छायाचित्रे आज पाहायला मिळतात, त्यांतली काही तिने काढली असे मानतात. त्यांत कमानी आहेत, कडे आहेत, आणि कड्याशी मुंगीएवढी माणसे आहेत.

ह्या बाईविषयी मला नेहमी आदर वाटत आला. त्या दिवशी प्रथमच वाटले, की तिला एखादा दिवस तरी मोकळा मिळाला असेल का? हजारो माणसांचा पगार, दर पावसात कोसळणारी दरड, आणि परक्या मुलखात नवऱ्याची ताजी मूठमाती. पण कॅमेरा तिपाईवर मांडून जो माणूस कड्याकडे पाहत उभा राहतो, तो तेवढ्यापुरता हिशेबातून सुटलेला असतो. ती छायाचित्रे म्हणजे तिची उतरणीची वाट असावी. हा माझा तर्क. पण मला तो सोडवत नाही.

शनिवारी कोजागरी होती. आणि त्या रात्री चंद्रग्रहणही होते, खंडग्रास. हिंदुस्थानात ते रात्री एक वाजून पाच मिनिटांनी लागले, तेव्हा सेमरिंगला साडेनऊ वाजून गेले होते. मी गॅलरीत शाल पांघरून बसले. डोंगरावर लख्ख चांदणे, आणि चंद्राच्या कडेला लहानसा डाग. उंदराने भाकरी कुरतडावी एवढाच. एवढ्यात आईचा फोन आला. ग्रहण पाहायला ती जागीच होती.

"दिसतंय का तुमच्याकडे?"

"दिसतंय."

"यंदा दूध आटवलंच नाही. ग्रहणात कुठे प्यायचं? तुळशीपत्र घालून ठेवलंय सगळं. तुझ्या त्या बाईला दाखवलंस का ग्रहण?"

मी गप्प बसले. खोटे बोलायला मला हरकत नव्हती. पण एकाच चंद्राकडे दोघी बघत असताना ते तोंडातून निघेना.

"आई, बाई कुणी नाही. मी एकटीच आलेय."

तिकडेही क्षणभर काही आवाज नाही. मी बोलणी खायची तयारी केली.

"मला वाटलंच," आई म्हणाली. "दोन मुलं टाकून कोण बाई चार दिवस फिरायला जाईल?" मग जरा थांबून म्हणाली, "मीसुद्धा गेले होते एकदा."

"कुठे?"

"खोपोलीला. तू सातवीत होतीस. शेजारच्या वहिनींबरोबर महडच्या गणपतीला जाते, असं सांगितलं. वहिनी तेव्हा माहेरी होत्या."

"मग?"

"मग काय! खोपोलीची गाडी पकडली. महडला गेलेच नाही. वीरेश्वराच्या देवळाशी तळ्याच्या पायरीवर बसले. दुपारची गाडी सोडली, संध्याकाळच्या गाडीनं आले."

"दिवसभर केलंस काय?"

"काही नाही. तेच करायला गेले होते."

मला हसूही येईना. "आणि प्रसाद? तू पेढे आणले होतेस, मला आठवतंय."

"बाजारातले. तू तीन खाल्लेस. तुझ्या बाबांनी एक खाल्ला आणि विचारलं, गर्दी होती का? मी म्हटलं, नव्हती. तेवढं खरं होतं."

"बाबांना कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? वहिनींचे यजमान तेव्हा त्यांचे असिस्टंट होते. बायको माहेरी गेल्याचं रोज सांगत असतील घाटातून येताना."

बाबांनी ते कधी बोलून दाखवले नाही. तिनेही नाही. एका पेढ्यावर दोघांनी प्रकरण मिटवले होते! मला एकाएकी फार हलके वाटले, आणि त्या भरात मी बोलून गेले, "बघ, म्हणजे एकटं असण्यात वाईट काही नाही. आता तर तूही एकटीच असतेस."

"हे वेगळं, बाई," आई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. भाव सांगावा तसे तिने सांगितले. "तेव्हा परत यायला घर भरलेलं होतं."

मी काय बोलणार? लाइट इंजिन मजेत खाली येते, कारण खाली दुसरी गाडी त्याची वाट पाहत उभी असते. बाबांनी मला उतरणीची गोष्ट सांगितली होती. कर्जतच्या फलाटाची सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असे त्यांना वाटलेच नसेल. मी चार दिवसांचे एकटेपण पैसे मोजून घेतले होते. आईला ते न मागता मिळाले होते, बाबा गेल्यापासून, रोजचे.

फोनमधून इंजिनाची शिटी ऐकू आली. आमचे घर स्टेशनापासून फार दूर नाही.

"कुणाला तरी बँकर लागतोय," आई म्हणाली. "झोप आता. मोक्ष होईपर्यंत मी बसते."

पुढच्या जानेवारीत मी रजा काढून कर्जतला गेले. एका सकाळी आईच म्हणाली, "चल, खोपोलीला जाऊ." आम्ही गाडीत बसलो. पळसदरीहून घाटाची लाइन डावीकडे वर निघून गेली आणि आमची गाडी केळवली, डोलवली, लौजी करीत सपाटीने खोपोलीला आली. वीरेश्वराचे ते देऊळ आणि तळे नाना फडणविसांच्या वेळचे. इथेच टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याचे पाणी नळांतून खाली येते, वीज करून देते आणि पाताळगंगेला मिळते. खोपोलीला वरून उतरून येणाऱ्यांची सवय आहे.

आई पायरीवर बसली. मी शेजारी बसणार, तोच ती म्हणाली, "तू महडला जाऊन ये. मी बसते इथे."

"एकटी?"

"तूही एकटीच जाते आहेस ना?"

मी टमटम करून महडला गेले. दर्शन घेतले, खरा प्रसाद घेतला, देवळामागच्या तळ्याशी उगीच अर्धा तास काढला. पाहायला कुणी नव्हते, सांगायलाही कुणी नव्हते, आणि तरी ह्या खेपेस कुठेतरी परत जायचे आहे हे सारखे ठाऊक होते. संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला आई फलाटावर उभी होती. तिने दिवसभर काय केले ते मी विचारले नाही. मी पुडा सोडून तिच्यापुढे धरला. तिने एक पेढा उचलला आणि विचारले,

"गर्दी होती का?"